मासेवाली येते ती कॉलनी

नोव्हेंबरातला दुसरा रविवार, सकाळ. ठिकाण: बारामती.

हजर: मी. नवरा (गाडी चालवायला, मत विचारल्यास देतो, म्हणून विचारलं नव्हतं). बाबा, म्हणजे माझे वडील (मागच्या सीटवर, मत न विचारता देतात). तात्या, घरं दाखवणारे एजंट (पुढच्या सीटवर). सुक्या बांगड्यांचा पत्र्याचा डबा (बाबांच्या मांडीवर). गैरहजर: मुलगी. हॉस्टेलवर आहे, परीक्षा आहे असं ती म्हणते.

डबा हजेरीत घेतला, कारण तो दिवसभर गाडीतला पाचवा माणूस होता. तात्यांनी बसल्या बसल्या काच खाली केली ती त्याच्यामुळेच. पण माणूस सभ्य. म्हणाले, "जरा वारं बरं वाटतंय."

आम्ही मालवणचे. नवऱ्याला बारामतीच्या एमआयडीसीत नोकरी लागली. मी बदलीसाठी अर्ज-विनंत्या केल्या आणि मला इंदापूर मिळालं, म्हणजे तेवढंच जवळ मिळालं. घर दोन्हींपैकी एका गावात घ्यायचं होतं. हा प्रश्न नवरा-बायकोत मिटला असता. आमच्याकडे तो बाबांवर येऊन अडला.

आई गेल्यानंतर बाबा मालवणच्या घरात एकटे राहत होते. एका सकाळी न्हाणीघरात घसरून पडले ते उठता येईना. त्यांना शोधलं ते मासेवालीने. ती रोज दारात टोपली उतरवून हाक मारायची आणि बाबा आतूनच तिच्या माशांचा उद्धार करायचे. त्या दिवशी आतून शिवी आली नाही, म्हणून तिला शंका आली आणि तिने दार ढकललं. हाड मोडलं नव्हतं. पण बाबांनी आता एकटं राहायचं नाही, हे मी त्याच दिवशी ठरवलं.

बाबांनी त्यांचं ठरवलं. "येतंय. दोन म्हयने बघतंय. मासे मिळाले तर रवतलंय. नाय तर माका एष्टीत बसव. मगे रडूचा नाय."

बाबा बोललेलं पाळतात. हा त्यांचा सगळ्यात त्रासदायक गुण. दोन महिन्यांनी ते खरोखरच एसटीत बसले असते, आणि पुन्हा ते घर, तेच न्हाणीघर आणि ते एकटे.

तर माझी यादी. घर पाहताना विचारायचे प्रश्न मी मालवणात बसून लिहिले होते आणि त्यात मालवणातल्या सगळ्या भीती आल्या होत्या. छप्पर गळतं का? अंगणात शेवाळ धरतं का? ओहोळ किती लांब? पावसाळ्यात वीज किती दिवस जाते? घरावर नारळ झुकलेला आहे का? तात्यांनी पहिल्या घराकडे जाताना हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं. तात्यांचं खताचं दुकान आहे. घरं ते रविवारी दाखवतात, खत बंद असतं म्हणून. ते मागे वळले.

"ताई, तुमी घर बघताय का होडी?"

नवरा हसला. त्याला मी आरशात पाहिलं. हसू थांबलं.

"हितं गळायला आधी पाऊस तर पडाय पायजे," तात्या म्हणाले. "तुमी असं विचारा, बोअर किती खोल हाय. पानी जड हाय का हलकं. दुपारचं ऊन कुठल्या भिंतीवर येतंय. नारळ कुठनं पडणार डोक्यावर? पडलाच तर ऊस पडंल, ट्रॉलीतनं."

मी अर्धी यादी खोडली आणि नवीन लिहून घेतली. चूक कळली की दुरुस्त करावी. लाज वाटून घेण्यात वेळ जातो.

पहिलं घर म्हणजे नवी सोसायटी. फाटकावर शिपाई, आत हिरवळ, हिरवळीभोवती चालायला फरशी घातलेली वाट, त्या वाटेवर रविवारच्या सकाळी एकही माणूस नाही. पाणी चोवीस तास. नवऱ्याचा कारखाना जवळ. दवाखाना हाकेच्या अंतरावर. माझ्या कागदावर सगळ्या रकान्यांत बरोबरच्या खुणा. नवरा तर लिफ्टकडे असा बघत होता की मला थोडा मत्सर वाटला.

बाबा वर आलेच नाहीत. फाटकाशी शिपायाजवळ उभे राहिले. मी खाली आले तेव्हा चौकशी चालू होती.

"हय मासे घेवन कोण येता?"

"कुनीच न्हाय, आबा. फेरीवाल्यास्नी बंदी हाय. समदी मोबाईलवरनं मागवत्यात. डब्यात येतं, बर्फात घालून. साफ केलेलं."

"साफ केलेलां? मगे मासो खंयचो तां कसा कळतला?"

"लिवलेलं असतंय की वर."

"आणि भांडाचा कोणाशी? मोबायलाशी?"

शिपाई विचारात पडला. त्याच्या नोकरीत भांडणाची व्यवस्था नव्हती, उलट ती होऊ नयेत म्हणूनच त्याला ठेवलं होतं. बाबा गाडीत जाऊन बसले आणि डबा मांडीवर घेतला. "तुरुंग बरो असा," म्हणाले. "तुमी रवा. माका भेटूक येवा."

भांडणाचं ते वाक्य मी कानाआड केलं. त्याच्यासाठी माझ्या कागदावर रकाना नव्हता.

दुसरं घर बारामतीबाहेर, दोन्ही बाजूंनी ऊस. टुमदार बंगली, वरचा मजला भाड्याने, खाली मालकीणबाई एकट्या. गळ्यात तुळशीची माळ, कपाळावर ठसठशीत कुंकू, आवाज सगळ्या वस्तीला पुरेल एवढा. आधी चहा. इथे चहा घेतल्याशिवाय नाही म्हणता येत नाही, आणि चहा घेतल्यावर नाही म्हणणं अवघड जातं. ही पद्धत कुणी काढली ते माहीत नाही, पण घरं भाड्याने द्यायला उत्तम आहे.

"कुठल्या तुमी?"

"मालवणच्या."

"म्हंजी मासं," काकू म्हणाल्या आणि कप खाली ठेवला.

तात्यांनी विषय मटणाकडे वळवून पाहिला. मटणाला काकूंची हरकत नव्हती, पण अटी होत्या. "मागं पत्र्याच्या शेडात चूल मांडायची. भांडी येगळी. घरात आनायचं न्हाय. सोमवार, गुरुवार, शनिवार सोडून. एकादशी सोडून, चतुर्थी सोडून. श्रावन आन् मार्गशीर्ष तर न्हायच."

नवऱ्याने दिवसातलं पहिलं वाक्य उच्चारलं. "मग उरतं काय?"

"रविवार की, दाजी!" तात्या म्हणाले. मी ताई, म्हणून तो दाजी. हे नातं बारामतीच्या पहिल्या चौकातच लागलं होतं.

"आन् मासळी अजाबात न्हाय," काकू म्हणाल्या. "भिंतीला वास लागतो. पुन्हा जात न्हाय."

नेमका तेव्हा वारा फिरला. साखर कारखान्यांचा हंगाम नुकताच सुरू झाला होता. काकवी नासून तिला आठवडा झाला असावा आणि मग कुणीतरी ती ऊनऊन केली असावी, असा एक जाड वास व्हरांड्यात आला आणि आमच्यात खुर्ची ओढून बसला. मी रुमाल शोधू लागले. नवऱ्याच्या डोळ्यांत पाणी.

"आणि ह्यो वास कसलो?" बाबांनी विचारलं.

काकूंनी नाक वर करून मनापासून हुंगलं. "कसला? मला तर न्हाय येत."

"मळीचा हाय, आबा," तात्या म्हणाले. "हंगाम चालू झाला की येतोय. ह्यो वास आला की आमच्याकडं लग्नं ठरत्यात."

"म्हणजे हेंच्या नाकाक ह्यो चलता," बाबा माझ्याकडे वळून म्हणाले, "आणि माझो बांगडो चलना नाय!" आणि मी हात पुढे करायच्या आत त्यांनी तुलनेसाठी डब्याचं झाकण उघडलं.

त्यानंतरचं थोडक्यात. काकूंचा पदर नाकाला. शेजारच्या वस्तीवरून एक कुत्रं धावत आलं, मागोमाग दुसरं. तात्या म्हणाले, "चला, इंदापूरला उशीर होतोय." बाबांनी झाकण लावलं, काकूंना वाकून नमस्कार केला आणि चहाची तारीफ केली. चहा खरंच चांगला होता.

इंदापूरचा रस्ता ठीक होता, पण आमच्या पुढे दोन ट्रॉल्या जोडलेला उसाचा ट्रॅक्टर होता आणि त्याच्या पुढे तसाच आणखी एक. दोघांची गाणी वेगवेगळी. बाबा काहीच बोलत नव्हते. ते गप्प बसले की मला काळजी वाटते. मधेच म्हणाले, "मालवणाची गाडी हयसून सुटता की पुण्यासून?"

"आधी घर तर बघू या," मी म्हणाले.

"मी खंय नको म्हणतंय? मी आपला इचारून ठेवतंय."

तिसरं घर यादीत नुसतं संख्या भरायला घेतलं होतं. गावाबाहेर माळावर प्लॉट पाडलेले. काहींवर घरं, बाकीच्यांवर बाभळी. रस्ता म्हणजे खडी टाकून डांबराची वाट बघत बसलेला रस्ता. तीन खोल्या, पश्चिमेला गॅलरी, सावली शून्य, नळाला एक दिवसाआड पाणी, बोअरचं पाणी जड. एवढं सगळं फाटकाबाहेरूनच कळलं, कारण घराला कुलूप होतं. मालक नरसिंहपूरला दर्शनाला गेले होते आणि किल्ली खिशात घालून गेले होते. तात्यांनी फोन लावला.

"आरती चालू हाय म्हनत्यात. निघालेच."

"आरती चालू असताना निघाले कसे?"

"मनानं निघाले, ताई."

आम्ही उन्हात उभे, बाबा गाडीतच. नवरा बारामतीच्या लिफ्टची आठवण काढत असावा. माझ्या कागदावर या घराला एकही बरोबरची खूण नव्हती. पुढच्या रविवारी आणखी कुठली घरं बघता येतील ते मी तात्यांना विचारत होते, तेवढ्यात कोपऱ्यावरून हाक आली.

"मासंऽऽय! चिलापी, रोहू, कटलाऽऽ!"

मोपेडवर एक बाई. माझ्याच वयाची, नऊवारीवर पुरुषी शर्ट, मागे ओलं पोतं झाकलेला प्लॅस्टिकचा क्रेट. धरणाकाठच्या गावातून येते, तात्यांनी सांगितलं. तिच्या नवऱ्याची होडी आहे. बाबांनी डबा माझ्या हातात दिला. दिवसभरात पहिल्यांदा तो दुसऱ्या कुणाच्या हातात गेला. ते गाडीतून उतरून तिच्यासमोर गेले.

"बघू."

तिने पोतं बाजूला केलं. बाबांनी एक चिलापी शेपटीला धरून उचलली, कल्ला उघडून आत बघितलं, पोटाला बोट लावलं.

"ह्यो कधीचो?"

"सकाळचा हाय, आबा."

"खंयच्या सालातल्या सकाळचो?"

"साल तुमी मोजा. डोळं बघा त्याचं, कसं लखलखत्यात."

"बघलंय. माझ्याकडे बघान रडता तो."

"रडंल न्हायतर काय करंल? मघापास्नं उलटा टांगलाय त्याला. घ्यायचा नसंल तर खाली ठिवा."

तात्या मधे पडले. "मावशे, पाव्हनं कोकनातलं हायती. समुद्राचं."

"मग समुद्रावरच घ्यायचा की. एवढ्या उन्हाचं हितं कशापायी आलाय?"

"गोड्या पाण्यातलो मासो म्हणजे काय गो," बाबांचा आवाज चढला, "भिजवलेलो कापूस!"

"कवा खाल्लाय का?"

"नाय. कित्या खातंय?"

"मग कापूस खाल्ला असंल. न्हायतर चव कशी कळली?"

बाबांनी तोंड उघडलं आणि मिटलं. माझ्या उभ्या आयुष्यात हे मी पहिल्यांदा पाहिलं. शेजारच्या घरातून एक बाई परात घेऊन बाहेर आल्या होत्या. त्या मासे घ्यायचं विसरून तिथेच उभ्या राहिल्या. बाबांनी मग वाम कुठे आहे ते विचारलं, वाम म्हणजे साप आहे असं सांगितलं, कटल्याचं डोकं मोठं असून आत काही नसणार असा आरोप केला. तिने तो आरोप कटल्यावरून उचलून बाबांवर ठेवला. दोघांची भाषा वेगळी, पण कुणालाही काही समजलं नाही असं झालं नाही.

शेवटी बाबांनी घेतलं काहीच नाही. तिने पोतं झाकलं आणि मोपेडला किक मारली. "मंगळवारी येते पुन्यांदा. मंगळवार आन् शुक्रवार. तवर लागंल भूक."

ती धुरळ्यात दिसेनाशी होईपर्यंत बाबा बघत उभे होते. "शिरा पडो तिच्या तोंडार," ते म्हणाले. ही त्यांची आवडती शिवी, म्हणजे खुशीत होते. मग मला विचारलं, "मंगळवारी आपण हय असतलंव?"

थोड्या वेळाने मालक प्रसादाचा नारळ आणि किल्ली घेऊन आले. त्यांची अट एकच, शनिवारी मासे शिजवू नका, नरसिंहाचा वार आहे. बाबा आत गेलेच नाहीत. व्हरांड्यात एक खुर्ची ओढून बसले आणि तिथून रस्ता कोपऱ्यापर्यंत दिसतो का ते पाहिलं. मग फाटकाशी जाऊन मोपेड उभी करायला जागा आहे का ते पाहिलं. घर पसंत.

सोसायटीच्या शिपायाला त्यांनी भांडणाचं जे विचारलं होतं ते तेव्हा कुठे, असं उशिरा, माझ्या कानात शिरलं. मासे मिळतात का, हा प्रश्नच नव्हता. मासे बर्फात घालून कुठेही येतात. मी कागद पर्समध्ये टाकला.

"आणि माझं रोजचं जाणं-येणं?" नवऱ्याने विचारलं.

"गाणी ऐकत जा."

"ती ट्रॅक्टरवाले ऐकवतातच," तो म्हणाला. पण गाडी फाटकासमोर सरळ लावली.

डिसेंबर लागताच सामान आलं. पहिल्या मंगळवारी बाबा नाश्ता झाल्यापासून व्हरांड्यात. ती आली. "आलासा व्हय, कापूसवालं आबा?" म्हणाली. बाबांनी काही घेतलं नाही, पण न घेण्यात बराच वेळ घालवला. शुक्रवारी घेतली. चिलापी. मी तिरफळं घालून तिखलं केलं. बाबांनी एक घास खाल्ला आणि म्हणाले, "माती लागता." मग ती खरंच माती आहे का हे नक्की करायला दुसरी तुकडी घेतली. तिसरी कशासाठी घेतली ते बोलले नाहीत.

तेव्हापासून हे असं चालू आहे. मंगळवार-शुक्रवारी शेजारच्या बायका परात घेऊन आमच्या फाटकाशी थांबतात, आपापल्या दारात घेता येत असताना. मालक कधीकधी येऊन उभे राहतात. "आबा, आज काय इषय?" असं विचारतात. मधले दिवस बाबा तयारीत घालवतात. मी ऑफिसातून येते तेव्हा एखादी नवी शिवी माझ्यावर तपासून पाहतात. मी हसले तर ती ठेवतात.

एका शुक्रवारी त्यांना ताप होता. मी रजा घेऊन घरी होते. हाक आली, बाबा बाहेर गेले नाहीत. मोपेड फाटकाशी थांबली, हॉर्न वाजला, मग ती ओरडली. "आबाऽऽ! जिता हाय न्हवं?"

मी हात पुसत दाराकडे निघाले होते. आतल्या खोलीतून खरखरीत आवाज आला. "मरूक अजून येळ असा गो! तू तुझे मासे बघ, ते कधीच मेलेत!"

"मग बरं हाय," ती म्हणाली आणि पुढच्या घराकडे गेली. मी परत आत जाऊन भांडी घासली. नळाला त्या दिवशी पाणी होतं.

माझ्या कागदावरच्या तक्रारी सगळ्या खऱ्या निघाल्या. गॅलरीत दुपारी पापड भाजावेत असं ऊन येतं. बादल्यांना पांढरी पुटं धरतात. खडी अजून डांबराची वाट बघते आहे. नवरा रोज ट्रॉल्यांच्या मागून जातो-येतो आणि मागे लिहिलेल्या ओळी घरी येऊन सांगतो. त्याला त्या आवडायला लागल्यात, हे तो कबूल करत नाही.

आता दोन महिने संपलेत. गेल्या मंगळवारी भांडण सुक्या बांगड्यावर आलं. डबा तर कधीच रिकामा झाला होता. बाबांनी मालवणच्या सुक्या बांगड्याचं वर्णन केलं, बरंच लांब. ती ऐकत राहिली आणि म्हणाली, "आबा, त्वांडानं सांगून कुनाचं प्वाट भरत न्हाय. दाखवा की आनून. मी बी बघते काय असतंय ते."

संध्याकाळी बाबा म्हणाले, "माझा तिकीट काढ. मालवणचा."

मी बरं म्हणाले. त्यांनी रिकामा डबा घासून उन्हात वाळत घातला आहे. पिशवी भरून खाटेखाली ठेवली आहे. त्यात कपडे किती आहेत ते मी पाहिलेलं नाही. खुर्ची मात्र व्हरांड्यातच आहे, आणि आज सकाळी त्यांनी मालकांना सांगितलं की तिच्या एका पायाखाली लाकडाचा तुकडा घालायला हवा, डुगडुगते.

आजची कामं: गॅस सिलिंडर, झाला. मुलीला पैसे, झाले. खुर्चीला तुकडा, नवऱ्याने घातला. बाबांचं तिकीट राहिलंय. जातानाचं काढायचं की येतानाचंही, ते त्यांना विचारायला हवं. व्हरांड्यापर्यंत दोनदा जाऊन आले. उद्या शुक्रवार आहे.